टेस्टमध्ये नको ते एक्सेप्शन आलं तर गिळायचं का फुटू द्यायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. साखर कारखान्यांसाठी वजनकाटा आणि ऊसबिलाचं सॉफ्टवेअर करणारी कोल्हापूरच्या राजारामपुरीतली एक छोटी टीम, पायथनमध्ये पायटेस्ट (टेस्ट चालवणारा रनर) आणि सेलेनियम (ब्राऊझर आपोआप चालवणारं टूल) वापरून टेस्ट लिहिलेत, रात्री सगळा सूट विंडोजच्या मशीनवर लावून घरी जातात, आणि सकाळी येऊन बघितलं तर मधेच कुठलंतरी अनपेक्षित एक्सेप्शन, म्हणजे कोड चालताना उडालेली चूक, येऊन रन बंद पडलेला असतोय. लीडनं तोडगा काढलाय की प्रत्येक टेस्ट ट्राय-एक्सेप्टमध्ये (एक्सेप्शन पकडणाऱ्या पायथनच्या ब्लॉकमध्ये) गुंडाळा, एक्सेप्शन आलं की प्रिंट करा आणि पुढं चला. हे करू का नको?

नको करू भावा. पण लीडला लगेच वेड्यात काढू नकोस, त्याचा त्रास खरा आहे, फक्त औषध चुकलंय.

आधी एक गोष्ट बघ, पायटेस्ट एका टेस्टमध्ये एक्सेप्शन आलं म्हणून थांबतच नाही. ती टेस्ट फेल धरतो, ट्रेसबॅक, म्हणजे कुठल्या फाईलीत कुठल्या ओळीला फुटलं त्याची नोंद, ठेवतो आणि पुढची टेस्ट घेतो, हे काम रनर फुकट करून देतोय. जावातलं जेयुनिटपण तसंच, टेस्टएनजीपण तसंच. म्हणजे तुमचा रन खरोखर बंद पडत असेल तर कारण दुसरीकडं आहे आणि ट्राय-एक्सेप्टनं ते जाणार नाही, फक्त झाकलं जाईल. कुठं बघायचं ते सांगतो.

पहिल्यांदा पायटेस्ट डॉट आयएनआय ही सेटिंगची फाईल उघड आणि अ‍ॅडऑप्ट्समध्ये मायनस एक्स किंवा मॅक्सफेल कुणी टाकून ठेवलंय का बघ. डेव्हलपर आपल्या मशीनवर पहिल्या फेलला थांबावं म्हणून टाकतो आणि तसंच कमिट करतो, हे लई वेळा सापडतंय. दुसरं, कलेक्शन एरर. एखाद्या फाईलमध्ये इम्पोर्टच तुटला असेल तर पायटेस्ट 'इंटरप्टेड, वन एरर ड्युरिंग कलेक्शन' असं म्हणून एकही टेस्ट न चालवता बाहेर पडतो, बाकीच्या फाईली कितीही चांगल्या असू देत. त्याला कंटिन्यू-ऑन-कलेक्शन-एरर्स असा फ्लॅग आहे, रात्रीच्या रनला तो लावून टाक, दिवसा नको. तिसरं, सगळा प्रवास एकाच फंक्शनमध्ये लिहिलेला असणं, लॉगिन मग खेप नोंद मग वजन मग पावती मग बिल, सगळं एका टेस्टमध्ये, मग दुसऱ्या पायरीला फुटलं की उरलेल्या पायऱ्या गेल्याच. लोक ह्यालाच 'रन बंद पडला' म्हणतात. ह्याचं उत्तर टेस्ट तोडणं हे आहे, बिलाच्या टेस्टला लागणारी पावती डेटाबेसमध्ये किंवा एपीआयनं थेट तयार कर, बिल तपासायला दरवेळी काट्यावरनं ट्रॉली नेऊन आणायची गरज नाही.

चौथं कारण म्हणजे लटकणं. एक्सेप्शन नाही, फेल नाही, नुसतं थांबलंय. सेलेनियम ज्यातनं ब्राऊझर चालवतं त्या वेबड्रायव्हरच्या स्टँडर्डप्रमाणं पेज लोडचा डिफॉल्ट टाईमआऊट ३०० सेकंद आहे, म्हणजे एक पेज अडकलं की पाच मिनिटं गेली, अशी शंभर पेजं अडकली की रात्र संपत आली. तो टाईमआऊट स्वतः कमी करून ठेव. पायटेस्ट-टाईमआऊट प्लगइन पण आहे, पण विंडोजवर जपून, तिथं सिग्नलवाली पद्धत चालत नाही, थ्रेडवाली चालते, आणि थ्रेडवाली टाईमआऊट झाला की अख्खा प्रोसेसच मारते. म्हणजे एका टेस्टला शिक्षा करायला गेलास आणि रनच संपला. त्यावर उपाय पायटेस्टचं एक्सडिस्ट प्लगइन, त्यात टेस्ट वेगळ्या वर्कर प्रोसेसमध्ये चालतात, वर्कर मेला तर ती टेस्ट फेल दाखवून नवा वर्कर उभा राहतो. एखाद्या ड्रायव्हरच्या डीएलएलमुळं पायथनच कोसळत असेल तरी हाच उपाय, कारण तिथं ट्राय-एक्सेप्टपर्यंत गोष्ट येतच नाही.

आता लीडच्या तोडग्यात नक्की काय बिघडतं ते बघू, कारण हे त्याला समजावून सांगावं लागणार आहे.

असर्ट, म्हणजे अपेक्षित उत्तर आलं का ते तपासणारी ओळ, फेल झाला की असर्शनएरर येतो, आणि पायथनमध्ये असर्शनएरर हा एक्सेप्शनचाच वारस आहे. म्हणजे टेस्टभोवती एक्सेप्ट एक्सेप्शन लावलंस आणि आत असर्ट फेल झाला, तर तो असर्टसुद्धा गिळला जातो. निव्वळ वजन १२ टनाच्या जागी २१ आलं, असर्टनं बोंब मारली, एक्सेप्टनं तोंड दाबलं, प्रिंट झालं, टेस्ट हिरवी. जावात हे थोडं वेगळं आहे, तिथं असर्शनएरर हा एररच्या फांदीवर आहे, त्यामुळं कॅच एक्सेप्शन त्याला पकडत नाही, पण कॅच थ्रोएबल लिहिलं की तिथंही तेच. जावातनं पायथनमध्ये आलेला माणूस ह्याच ठिकाणी फसतो, त्याला वाटतं असर्ट तर सुटतोच. आणि नुसतं कोरं एक्सेप्ट, पुढं काहीच न लिहिता, ते तर आणखी वाईट. पायटेस्टचे फेल आणि स्किप हे स्वतः बेसएक्सेप्शनवरनं आलेले आहेत, ते एक्सेप्ट एक्सेप्शनमधून निसटतात, पण कोऱ्या एक्सेप्टमध्ये तेही अडकतात, आणि कंट्रोल-सीसुद्धा.

जुलै-ऑगस्टमध्ये आपण सगळे पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत असतो, ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. आता समजा कुणी असा नियम केला की लोक घाबरतात म्हणून बोर्डावर ३८ च्या वर आकडा लिहायचाच नाही. पाणी काय बोर्ड वाचून थांबणार आहे का? हिरवा दिसणारा तुमचा रिपोर्ट तसा होईल.

दुसरं, प्रिंट केलेलं काही कामाचं नसतं. कीएरर प्रिंट केलास तर फक्त त्या कीचं नाव दिसतं, कुठल्या फाईलीत, कुठल्या ओळीत, काही नाही. सेलेनियमचा टाईमआऊटएक्सेप्शन तर त्याहून भारी, वेटला मेसेज दिला नसेल तर लॉगमध्ये नुसतं 'मेसेज' आणि पुढं कोरं. सकाळी चहा घेत हे वाचून काय करणार? ट्रेसबॅक हाच पुरावा आहे आणि तोच टाकून दिला. पकडायचंच असेल कुठं तर लॉगिंग डॉट एक्सेप्शन वापर, ते ट्रेसबॅकसकट लिहितं, आणि शेवटी नुसतं रेझ लिहून तेच एक्सेप्शन पुढं सोड. नवीन एक्सेप्शन बनवून फेकायचं असेल तर रेझ-फ्रॉम वापर म्हणजे मूळ कारण चिकटून राहतं. सीशार्पवाल्यांना तर हे रोजचंच, थ्रो ईएक्स लिहिलं की स्टॅक ट्रेस तिथनं नव्यानं सुरू होतो, नुसतं थ्रो लिहिलं की जुना राहतो.

मग करायचं काय. माझं मत सरळ आहे: टेस्टच्या अंगात अनपेक्षित एक्सेप्शन पकडायचंच नाही, फुटू दे. तुझी मेहनत दोन जागी लाव, फुटल्यावर पुरावा आपोआप गोळा व्हावा, आणि पुढच्या टेस्टला स्वच्छ पाटी मिळावी.

पुराव्यासाठी कॉनफ्टेस्टमध्ये, म्हणजे सगळ्या टेस्टच्या सामायिक फाईलीत, रनटेस्ट-मेकरिपोर्ट नावाचा हुक (पायटेस्ट स्वतः बोलावतो ते फंक्शन) लिही. प्रत्येक टेस्टच्या सेटअप, कॉल आणि टिअरडाऊन ह्या तिन्ही टप्प्यांनंतर तो चालतो, टप्पा फेल असेल तर स्क्रीनशॉट, पेज सोर्स, चालू यूआरएल, ब्राऊझर कन्सोलचा लॉग आणि सर्व्हरच्या लॉगचा शेवटचा तुकडा असं सगळं टेस्टच्या नावाच्या फोल्डरमध्ये टाक. एकदाच लिहायचं, सगळ्या टेस्टला लागू. आणि इथं मात्र, ह्या हुकच्या आत, एक्सेप्ट एक्सेप्शन लिहायला माझी पूर्ण परवानगी आहे, कारण ब्राऊझरच मेला असेल तर स्क्रीनशॉट घेतानाही एक्सेप्शन येणार आणि ह्या दुसऱ्या एक्सेप्शनच्या गोंधळात पहिलं, खरं एक्सेप्शन हरवता कामा नये. पुरावा नाही मिळाला तर तशी एक ओळ लॉगमध्ये लिहायची आणि सोडून द्यायचं.

स्वच्छ पाटीचं काम फिक्स्चरमध्ये, म्हणजे टेस्टची तयारी आणि नंतरची सफाई करणाऱ्या फंक्शनमध्ये. यील्ड फिक्स्चरमध्ये (यील्डच्या आधी तयारी, नंतर सफाई) एक खाच आहे, यील्डच्या आधीच्या ओळीत एक्सेप्शन आलं तर यील्डच्या नंतरची सफाई चालतच नाही. म्हणजे एकाच फिक्स्चरमध्ये तू ब्राऊझर उघडलास, मग टेस्ट शेतकरी तयार केलास, मग लॉगिन केलंस, आणि लॉगिनला फुटलं, तर ब्राऊझर तसाच उघडा आणि शेतकरी डेटाबेसमध्ये तसाच. सकाळी टास्क मॅनेजरमध्ये क्रोमड्रायव्हरची रांग लागलेली असते ना, ती ह्यामुळं. एका फिक्स्चरमध्ये एकच वस्तू तयार कर आणि एकाला दुसऱ्यावर अवलंबून ठेव, मग जेवढ्या तयार झाल्या तेवढ्या उलट्या क्रमानं पुसल्या जातात. युनिटटेस्ट वापरणाऱ्यांनी टिअरडाऊनवर भरवसा ठेवू नये, सेटअप फुटला तर टिअरडाऊन चालत नाही, अ‍ॅडक्लीनअप चालतं.

सेशन स्कोपचा, म्हणजे अख्ख्या रनला एकच, ब्राऊझर वापरत असाल तर तोही बघ. सेशन फिक्स्चर एकदा फुटलं की पायटेस्ट तेच एक्सेप्शन जपून ठेवतो आणि त्यावर अवलंबून असलेल्या प्रत्येक टेस्टला तेच परत दाखवतो, नव्यानं प्रयत्न करत नाही. आणि चालू रनमध्ये ब्राऊझर मेला तर त्यानंतरच्या सगळ्या टेस्ट लाल. लीडला हा लाल पट्टा बघूनच ट्राय-एक्सेप्ट सुचलं असणार अशी मला दाट शंका आहे. ब्राऊझर दर टेस्टला नवा घे, थोडा वेळ जातो पण डोकं शांत राहतं. वेळ परवडत नसेल तर निदान दर मोड्यूलला.

आता फेल आणि एरर ह्यातला फरक, हा लोक फार दुर्लक्षित करतात. युनिटटेस्ट असर्ट पडला तर फेल म्हणतं आणि दुसरं काही फुटलं तर एरर म्हणतं. पायटेस्ट तसं करत नाही, टेस्टच्या अंगात काहीही फुटलं तरी एफ, आणि फिक्स्चरमध्ये फुटलं तर ई. त्यामुळं तयारीच्या ओळी टेस्टमध्ये लिहिल्यास तर डेटाबेस बंद असला तरी रिपोर्टात बिलाचा हिशोब चुकल्यासारखं दिसतं. तयारी फिक्स्चरमध्ये नेली की ई म्हणजे 'तपासणीपर्यंत पोचलोच नाही' आणि एफ म्हणजे 'तपासलं आणि बिनसलं' असा बऱ्यापैकी अर्थ निघतो. सकाळी आधी ई बघायचे, दहा ई एकाच कारणाचे असतात आणि एका दुरुस्तीत जातात.

सेलेनियमची एक्सेप्शनं वेगळी बघावी लागतात, कारण ह्यातली निम्मी अनपेक्षित नसतातच, वेळेचा घोळ असतो. एलिमेंट अजून आलेलाच नाही, किंवा आला होता पण पेज परत रेंडर झालं आणि हातातला संदर्भ शिळा झाला. ह्याला टाईम डॉट स्लीप नको आणि ट्राय-एक्सेप्टपण नको, वेबड्रायव्हरवेट वापर. तो आतून एक्सेप्शनच पकडत असतो, पण कसं बघ: फक्त नोसचएलिमेंट पकडतो, दर अर्ध्या सेकंदाला परत बघतो, आणि वेळ संपली की स्वतः टाईमआऊट फेकतो. एकच प्रकार, ठराविक वेळ, आणि शेवटी बोंब नक्की, पकडायचंच तर असं पकडावं. शिळ्या संदर्भासाठी इग्नोर्ड एक्सेप्शन्समध्ये स्टेलएलिमेंट घाल आणि कंडिशनमध्ये एलिमेंट परत शोध, जुनाच घट्ट धरून बसू नकोस. इम्प्लिसिट आणि एक्स्प्लिसिट वेट एकत्र वापरू नका असं सेलेनियमच्या डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलंय, वेळेचा हिशोब लागत नाही.

अचानक अलर्ट उघडला आणि तू वेगळं काही सेट केलेलं नसेल तर ड्रायव्हर तो अलर्ट बंद करतो आणि 'अनएक्स्पेक्टेड अलर्ट ओपन' असं एक्सेप्शन देतो, त्यात अलर्टमधला मजकूरपण असतो. बरेच जण हे पकडून परत क्लिक करतात. अरे पण तो मजकूर वाच की, 'ही खेप आधीच नोंदली आहे' असं लिहिलेलं असेल तर तो तुमच्या टेस्ट डेटाचा नाहीतर प्रॉडक्टचा घोळ आहे, सेलेनियमचा नाही.

अपेक्षित एक्सेप्शनच्या टेस्टमध्ये पण हाच रोग वेगळ्या रूपात येतो. रिकाम्या गाडीचं वजन भरलेल्यापेक्षा जास्त दिलं तर सिस्टिमनं चुकीच्या वजनाचं एक्सेप्शन द्यायला हवं, ही टेस्ट लिहिताना पायटेस्ट डॉट रेझेसमध्ये नुसतं एक्सेप्शन लिहिलंस, तर फंक्शनच्या नावात स्पेलिंग चुकून नेमएरर आला तरी टेस्ट पास. म्हणजे ज्या कोडची टेस्ट होती ते कोड चाललंच नाही आणि तुम्ही खूश. नेमका क्लास लिही, मॅच देऊन मेसेजपण तपास, आणि विथच्या आत एकच ओळ ठेव, जिच्यातनं एक्सेप्शन यायला हवं ती. आत त्या ओळीखाली असर्ट लिहिले तर ते कधीच चालत नाहीत कारण वरच्या ओळीला उडी बसलेली असते. मॅच हा रेजेक्स (मजकूर जुळवायचा नमुना) असतो, मेसेजमध्ये कंस किंवा टिंब असेल तर एस्केप कर. जावात जेयुनिट चारची जुनी एक्स्पेक्टेडवाली पद्धत सोडून असर्टथ्रोज वापरायचं कारण हेच, जुन्या पद्धतीत अख्ख्या टेस्टमध्ये कुठल्याही ओळीतनं ते एक्सेप्शन आलं तरी चालायचं.

तुमच्या प्रॉडक्टमध्ये मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती वजनकाट्याच्या भागाची. इंडिकेटरचं वजन सिरियल पोर्टवरनं वाचणारा थ्रेड वेगळा असणार, आणि दुसऱ्या थ्रेडमध्ये आलेलं एक्सेप्शन टेस्टपर्यंत येत नाही, तो थ्रेड गप मरतो आणि टेस्ट शेवटच्या वाचलेल्या वजनावर हिरवी होते. पायटेस्ट ६.२ पासून अशा मेलेल्या थ्रेडची वॉर्निंग देतो, पण वॉर्निंग कोण वाचतंय, म्हणून फिल्टरवॉर्निंग्जमध्ये ती एरर करून टाक. जावात एक्झिक्युटरला सबमिट केलेलं काम फुटलं तर एक्सेप्शन फ्युचरमध्ये जाऊन बसतं, गेट केल्याशिवाय बाहेर येत नाही. आणि केबल निघाली तर काय होतं ह्याची टेस्ट मुद्दाम लिही, मॉकच्या (पोर्टच्या जागी ठेवलेल्या नकली वस्तूच्या) साइड इफेक्टला यादी दे, पहिल्यांदा नीट वजन, मग सिरियलएक्सेप्शन, मग परत नीट वजन, आणि मधल्या वेळी स्क्रीनवर जुनंच वजन दिसत राहत नाही ना ते तपास. काट्यावर ट्रॉल्यांची रांग लागलेली असताना जुन्या वजनावर पावती निघाली तर शेतकरी कार्यालयात येऊन काय बोलेल ते तुला सांगायला नको.

रिट्रायबद्दल पण विचारशील म्हणून सांगतो. गूगलच्या टेस्टिंग टीमनं २०१६ मध्ये लिहिलं होतं की त्यांच्या जवळपास १६ टक्के टेस्टमध्ये थोडाफार लहरीपणा आहे, कोड न बदलता कधी पास कधी फेल. तेव्हा शून्यावर आणायचा हट्ट नको, पण सरसकट रिट्रायपण नको. रीरनफेल्युअर्स प्लगइनमध्ये ओन्ली-रीरन आहे, त्यात कनेक्शन नाकारलं, ब्राऊझर सेशन तयार झालं नाही अशी वातावरणाची एक्सेप्शनंच घाल. असर्ट पडला तर परत चालवायचा नाही, कारण तीनातनं एकदा बिल चुकणं हा बगच आहे, आणि काँकरन्सीचे, म्हणजे एकाच वेळी चालणारी कामं एकमेकांत अडकल्याचे, बग नेमके असेच दिसतात. परत चालवून पास झालेल्यांची यादी वेगळी छाप आणि आठवड्याला बघ.

राहिला प्रश्न आत्तापर्यंत गुंडाळून ठेवलेल्या टेस्टचा. सगळे ट्राय-एक्सेप्ट एका दिवसात काढू नको, रिपोर्ट इतका लाल होईल की लीड दुसऱ्या दिवशी परत घालायला लावेल. रफ नावाचं पायथन कोड तपासणारं टूल चालव, त्यात ई७२२ कोरं एक्सेप्ट शोधतो, एस११० गप गिळलेलं, बीएलई००१ सरसकट एक्सेप्शन पकडलेलं, आणि बी०१७ रेझेसमध्ये नुसतं एक्सेप्शन लिहिलेलं. तुमच्यात प्रिंट असल्यामुळं बरेच बीएलई००१ मध्येच निघतील. नवीन कोडला हे नियम लगेच सक्तीचे कर, जुन्याला फोल्डर-फोल्डर करत जा. सुरुवात ऊसबिलापासून कर, एफआरपी (उसाचा कायद्यानं ठरलेला किमान दर) १४ दिवसांत द्यायची असते, तिथला घोळ हंगाम चालू असताना निस्तरणं अवघड. काढल्यावर ज्या टेस्ट लाल होतील त्यातल्या लगेच दुरुस्त न होणाऱ्यांना एक्सफेल ('ही फेल होणार हे माहीत आहे' अशी खूण) लाव, पण रेझेसमध्ये नेमकं एक्सेप्शन लिहून आणि स्ट्रिक्ट ट्रू करून, म्हणजे दुसरंच काही फुटलं तरी लाल आणि कुणी बग दुरुस्त केला तरी लाल, मग एक्सफेल काढायची आठवण आपोआप होते. ऑक्टोबरमध्ये गाळपाची गडबड सुरू व्हायच्या आत एवढं उरकून घे, नंतर तुम्हाला कुणी टेस्टला हात लावू देणार नाही.